ताईच्या घराचं नाव

आधीच सांगते, हे खरं आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं. फक्त कमेंटमध्ये "मॅडम, तुमचं नाव तरी सांगा" असं विचारू नका.

का, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

तारीख चोवीस नोव्हेंबर 2024, रविवार. जागा, कॅनडात ऑटव्याजवळच्या कनाटा उपनगरापासून गाडीने पाऊण तास. आणि रात्र वगैरे काही नव्हती हं. दुपारचे चार वाजले होते आणि घरात तीस माणसं मसालेभात खात होती.

पण थोडं आधीपासून सांगायला हवं.

मी ऑटव्यात शिकते. जुनी कागदपत्रं जपायचा, वाचायचा कोर्स. इथे माझं म्हणावं असं एकच माणूस होतं. माझी मावसबहीण, अबोलीताई.

तिचं लग्न झालं तेव्हा मी बारावीत होते. ताटात तांदूळ पसरले, आणि परीक्षित जिजूंनी सोन्याच्या अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं. देवयानी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाठवणीआधी ताई माझ्या कुशीत रडली. "मला कुणी विचारलंसुद्धा नाही गं," म्हणाली.

तेव्हापासून तिला अबोली म्हणणारी मी एकटीच राहिले.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात दोघांनी कनाटातला काँडो, म्हणजे फ्लॅट, विकला आणि खेड्याकडचं एक जुनं दगडी घर घेतलं. डेव्हनहून आलेल्या कुणा इंग्रजाने 1868 मध्ये बांधलेलं. त्याच्या गावच्या जमीनदाराच्या बंगल्याची हुबेहूब नक्कल. बारा खोल्या, दारावर घोड्याचं तोंड, आणि चढताना पाय वाकडा पडेल असा जिना. तिथे पाहुण्यांसाठी बी अँड बी काढायचा विचार होता.

"तू जुने कागद वाचतेस ना? मग या घराची आधीची सगळी नावं शोधून दे," जिजू म्हणाले. "वेबसाइटवर टाकतो. गोऱ्यांना असलं फार आवडतं."

मला काय, आनंदच झाला! कॉलेजात शिकलेलं कुठेतरी कामाला येत होतं.

तीन आठवड्यांत यादी तयार झाली. आधी ॲशकोम हॉल, जेमतेम काही महिने. मग एलिनॉर हॉल. मग मार्गरेट हाऊस. मग क्वेबेकहून आलेल्या मालकाने ठेवलेलं व्हिला रोझाली. शेवटी डोरोथी लॉज.

पहिलं सोडलं तर सगळी बायकोची नावं. किती प्रेमळ नवरे, असं वाटलं मला. हसू नका.

एका शनिवारी ताई-जिजू ग्रोसरीला गेले होते. मी डायनिंग टेबलवर बसून यादी मोठ्याने वाचून बघत होते.

"एलिनॉर हॉल..."

वरच्या मजल्यावरून आवाज आला.

"येस?"

बाईचा आवाज. अगदी साधा. हाक मारल्यावर आपण ओ देतो ना, तसा.

मला वाटलं ताई परत आली. खिडकीतून बघितलं, ड्राइव्हवेवर गाडी नव्हती. पावसाने भिजलेल्या मातीवर एकच चाकोरी, बाहेर जाणारी.

मी वेडी. मी पुढचं नाव वाचलं.

"मार्गरेट..."

"येस?" दुसरा आवाज. दुसऱ्या खोलीतून.

तिसरं नाव मला वाचायचं नव्हतं. आईशप्पथ सांगते. पण तोंडातून निघालंच.

"रोझाली..."

"...वी?"

फ्रेंचमधलं येस.

मी जॅकेट न घालता बाहेर पळाले आणि दोन डिग्रीत अर्धा तास पायरीवर उभी राहिले. ताईला म्हटलं, कचरा टाकायला आले होते.

त्यानंतर मी तेच कागद पुन्हा वाचायला घेतले. आणि मला जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं.

लग्नाच्या नोंदीत एलिनॉरचं नाव होतं. घराला ते नाव दिलं, त्यानंतरच्या एकाही कागदावर नव्हतं. जनगणनेत नवऱ्याचं नाव, तीन मुलांची, दोन नोकरांची. तिच्यापुढे फक्त... "पत्नी". दफनभूमीत दगडावर "प्रिय पत्नी". खाली जागा कोरी.

मार्गरेटचं तेच. रोझालीचं तेच.

गावातल्या छोट्या म्युझियममध्ये डोरीन नावाच्या आजी बसतात. ऐंशीच्या पुढच्या. त्या डोरोथीची मुलगी निघाल्या. मी विचारलं, तुमच्या आईचं नाव काय होतं?

त्यांनी तोंड उघडलं... आणि मिटलं. मग भिंतीवरच्या घराच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोत दारावरची पाटी दिसत होती.

"ते," त्या म्हणाल्या. "मला म्हणता येत नाही. बाबांनी पाटी लावली तेव्हा मी सात वर्षांची होते. शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव लिहिताना पेन थांबायचं. शेवटी शेवटी तिलासुद्धा आठवेना. आम्ही हाक मारायचो 'मॉम'. ती वर बघायचीच नाही."

"मग घराला नाव देऊच नये ना?"

"न देणारे एक हिवाळा टिकले नाहीत. पाइप फुटतात, भिंती गळतात. एकाने झाडाचं नाव दिलं, पाइनक्रेस्ट. आठवड्यात पाटी गळून पडली. त्या घराला जिवंत बाईचं नाव लागतं."

त्याच संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. कागद दाखवले. डोरीनबाईंचं रेकॉर्डिंग ऐकवलं. कारण मला माहीत होतं, जिजू वास्तुशांतीला ताईला सरप्राइज देणार होते. घराला तिचं नाव. देवयानी मॅनर.

ताईच्या मागे बेसमेंटमध्ये पाइप टपटपत होता. त्या महिन्यातला तिसरा.

तिने सगळं शांतपणे ऐकलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"बरं झालं मला सांगितलंस. तू काळजी नको करूस. मी बघते काय करायचं ते."

मला रडू आलं, इतकं हलकं वाटलं. माझ्या ताईला मी वाचवलं होतं.

मग तो रविवार.

पूजा झाली. जेवणं चालू होती. ताई म्हणाली, घराचंही बारसं करूया! ताटात तांदूळ पसरले. जिजू अंगठी घेऊन पुढे झाले, पण तिने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "या वेळी मी लिहिणार."

मी मनात म्हटलं, शाब्बास! नंबर लिहील. देवीचं नाव लिहील. काहीतरी युक्ती केली असेल.

तिने लिहिलं, वर रुमाल टाकला आणि मला पुढे बोलावलं.

"तूच उघड. तुझा मान आहे."

मी रुमाल उचलला.

तांदळात माझं नाव होतं.

टाळ्या वाजल्या. कुणीतरी "हाऊ स्वीट" म्हणालं. जिजूंचा चेहरा जरा उतरला, मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सगळे बाहेर पाटी बघायला गेले. पाटी कापडाखाली तयार होती. पितळेची, कोरलेली. अशी पाटी करून घ्यायला आठवडा तरी लागतो, आणि मी ताईला सांगून आठच दिवस झाले होते.

म्हणजे मी सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने ऑर्डर दिली होती.

मी तिला किचनमध्ये गाठलं. ती मठ्ठा वाट्यांत ओतत होती.

"ताई, तुला माहीत होतं. मी तुला सांगितलं होतं गं!"

"हळू बोल. लोक आहेत."

"असं का केलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "माझं एक नाव लग्नात गेलं. तेव्हा तूही टाळ्या वाजवल्यास. दुसरं मी देणार नाही."

"आणि माझं?"

"तू अजून लहान आहेस. तुझं तसंही लग्नात बदलेलच की."

एवढ्यात बाहेरून जिजूंनी पाटी वाचली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आणि वरच्या मजल्यावरून...

"ओ..."

माझा आवाज होता.

माझं तोंड बंद होतं. मी ताईच्या समोर उभी होते.

तिने ऐकलं. वाटी हातात अर्धी भरलेली, हात थांबला. बघा, हेच मला सहन होत नाही. तिने ऐकलं, आणि परत ओतायला लागली.

आता नऊ महिने झाले. मी तिकडे जात नाही. ताईच्या घरात पाइप फुटत नाहीत, बुकिंग फुल्ल आहे. ती मेसेज करते, "ये ना राहायला, तुझंच घर आहे." वर एक हार्ट.

माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज परत आला. नावाचा रकाना रिकामा होता. मी भरला होता. स्वतःच्या हाताने, दोनदा तपासून. रूममेट मला "हे" म्हणते. ही गोष्ट लिहायला बसले तेव्हा पहिल्या ओळीत नाव टाइप केलं होतं. तीन वेळा. वर बघा, दिसतंय का.

पाटीचा फोटो माझ्याकडे आहे. मी बघते, वाचते. नजर काढली की गेलं.

तिला अबोली म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही.

आई दर रविवारी सोलापूरहून फोन करते. नुसतं "अगं" म्हणते. परवा मी म्हटलं, "आई, एकदा माझ्या नावाने हाक मार ना."

ती ओशाळली. मग हसली. "वय झालं गं माझं. थांब, तुझ्या ताईला विचारते." आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिने ताईलाही त्याच कॉलवर जोडलं.

ताईने नाव सांगितलं. स्पष्ट. जराही न अडखळता.

आई ते म्हणाली. लाडाने, लहानपणी हाक मारायची तशी.

मी ओ द्यायला तोंड उघडलं. पण त्याआधी, ताईच्या फोनमधून, लांबून...

"ओ, आई..."

"हां, आली बघ," आई म्हणाली. "बोल गं बाळा, कशी आहेस?"

आई तिच्याशी दहा मिनिटं बोलली. मी ऐकत होते.