लाल जरा जास्त आहे

त्या रविवारी सकाळी धुळ्यात, रुपचंद शेठच्या दुकानात सहा रंगीत टीव्ही एका रांगेत चालू होते. सहाही पडद्यांवर एकच बाई एकच भजन म्हणत होती आणि तिची साडी मात्र सहा रंगांची दिसत होती. आबा, म्हणजे माझे वडील, गोंधळून गेले. मी नाही गोंधळले. चौथ्या टीव्हीकडे बोट करून मी म्हणाले, "हा खरं बोलतो. बाकीचे नटून बसलेत."

त्या टीव्हीच्या मागून एक डोकं वर आलं. दातांत स्क्रू-ड्रायव्हर, कपाळावर घाम. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत त्याने विचारलं, "कशावरून?"

"बाईच्या शेजारी समई आहे. ती फक्त इथे पितळेची दिसते. बाकी पाच ठिकाणी तांब्याची."

त्याने पुढे येऊन, वाकून, एकेक पडदा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. तीन वर्षं टीव्ही विकतोय, म्हणाला, पण समईकडे आजवर कुणाचं लक्ष गेलं नाही.

"तरी दुकानातल्या उजेडावर जाऊ नका, ताई. घरी लावून बघा, मग ठरवा."

हा सुकदेव, दुकानाचा मेकॅनिक. मला ताई म्हणाला तो पहिला दिवस आणि तोच शेवटचा.

आम्ही सोनगीरचे तांबट. तापलेल्या पत्र्याचा रंग पाहून मी सांगायचे, आता ठोका, आणि आबा माझ्या शब्दावर हातोडी उचलायचे. बावीस वर्षांची होते आणि नजरेच्या बाबतीत कुणाला हार जात नव्हते. टीव्ही घ्यायचा होता तो मात्र माझ्याच पायी. पुढच्या रविवारी जळगावचे लोक मला पाहायला येणार होते. भांड्यांचं मोठं दुकान, मागे स्वतःचा कारखाना. स्टील आलं तशी आमच्या गल्लीतली निम्मी घरं मुकी झाली होती, आणि आबांनी मनाशी पक्कं केलं होतं की जिथे हातोडी वाजते त्याच घरात मुलगी द्यायची.

शेठ म्हणाले, आठ दिवस घरी ठेवा, पसंत पडला तर तुमचा.

सोमवारी संध्याकाळी सुकदेव एसटीने टीव्ही घेऊन आला. आबांनी भांडं पारखावं तसं खोक्यावर बोटाचं पेर वाजवून पाहिलं. सुकदेव अँटेना घेऊन घराच्या धाब्यावर चढला आणि मी खिडकीत उभी राहिले. भादव्याची भुरभुर चालू होती. तो वरून विचारायचा, आलं का? मी खालून सांगायचे, आलं... गेलं... आता दोन-दोन माणसं दिसताहेत. खाली उतरला तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता आणि केसांतून पाणी गळत होतं. मी टॉवेल दिला. अंग पुसायचं सोडून तो तसाच उभा राहिला.

"आता चित्र कसं आहे?"

मी कोनाड्यातला पितळेचा तांब्या उचलून पडद्याशेजारी धरला. "लाल जरा जास्त आहे."

मंगळवारी तो पुन्हा आला. रंगाचं बटण केसभर फिरवलं. पडद्यावर तेव्हा दिसत असलेली पितळेची घागर आणि माझ्या हातातला तांब्या एका पत्र्यातून काढल्यासारखे दिसू लागले. चित्र बरोबर झालं होतं. मला कळलं, त्यालाही कळलं. त्याने विचारलं, "आता?"

काय झालं कोण जाणे — मी म्हणाले, "अजून थोडं लाल आहे... उद्या या."

बुधवारी आला, गुरुवारी आला, शुक्रवारीही आला. बटणाशी हात न्यायचा, मान तिरकी करायचा, मग चहा घ्यायचा. चहा पिताना कळलं की त्याचं घर फैजपूरचं, तांबटाचंच. धंदा बसला तसे वडील केळीच्या बागेत कामाला गेले आणि हा रेडिओ-टीव्ही शिकला. आतून ऐकणाऱ्या आबांनी तेवढ्यावरच मान फिरवली. हातोडी सोडलेलं घर.

शुक्रवारी निघताना पायरीवर तो हळूच म्हणाला, "रविवारी पाहुणे येणार आहेत ना?"

"हो. त्यांना चित्र चांगलं दिसायला हवं."

"आणि तुम्हाला?"

मी तांब्या पदराने पुसत राहिले. तो पुसून कधीच लख्ख झाला होता.

शनिवारी तो आला तेव्हा आबा पडद्यासमोरच बसले होते. सुकदेवने बटणाकडे हातसुद्धा नेला नाही. चपला काढून उभा राहिला.

"आबा, चित्र मंगळवारीच बरोबर झालं होतं. त्यानंतर मी नुसता हात नेत होतो. मी कुंदासाठी येत होतो. उद्याचे पाहुणे यायच्या आत हे सांगायला हवं होतं."

माझं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. पण गप्प राहिले असते तर सगळं खोटं त्याच्या एकट्याच्या माथी गेलं असतं. म्हणून मीही म्हणाले, "लाल जास्त नव्हतं, आबा. मीच तसं सांगत होते."

आबांनी जागेवरून न हलता त्या बटणाकडे बोट केलं. बटणावर आणि त्याच्या शेजारी काजळीचा एकेक बारीक ठिपका होता, एकमेकांना अगदी टेकलेला.

"मंगळवारीच खूण करी ठेवी होती," ते म्हणाले. "चार दिन व्हयनात, हालनं नही."

मग उठले. भट्टीजवळून एक अर्धी झालेली कळशी आणि हातोडी आणून सुकदेवच्या पुढ्यात ठेवली. तो मांडी घालून बसला. लहानपणी वडिलांच्या हाताखाली बसला होता, ते बोटांना आठवत होतं. एक ओळ ठोकली, सरळ. दुसरी, सरळ. तिसऱ्या ओळीत त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ठोका घसरला.

आबांनी कळशी हातात फिरवली. वाकड्या ठोक्यावरून अंगठा नेला.

"हात इसरना नही," ते म्हणाले. "पन घाई करस."

एवढं बोलून त्यांनी छत्री घेतली आणि जळगावला ट्रंककॉल लावायला पोस्टाकडे निघाले. जाता जाता सांगून गेले की धुळ्याची नोकरी असू दे, पण दर रविवारी या भट्टीवर हातोडी वाजली पाहिजे.

घरात आम्ही दोघंच उरलो. पडद्यावर कुणीतरी बातम्या देत होतं, आवाज बंद होता. सुकदेवचे कान तापल्या पत्र्यासारखे झाले होते. तो टीव्हीकडे न बघताच म्हणाला, "कुंदा... आता चित्र कसं आहे?"

मी तांब्या उचलला. पडद्याशेजारी नाही, त्याच्या कानाशेजारी धरला. नीट निरखून पाहिलं.

"लाल जरा जास्त आहे," मी म्हणाले. "उद्या या."