दुपारच्या सुट्टीतली पत्रं

ही गोष्ट रात्रीची नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण भुताची गोष्ट म्हटली की लोक दिवे मालवून बसतात. ही घडली एका शनिवारी, भर दुपारी, स्वच्छ उन्हात, माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी.

आणि ती खरी आहे. मावशीला गोष्टी रचता येत नाहीत. खोटं बोलायला गेली की तिचे कान लाल होतात. हे सांगताना ती पांढरीफटक पडली होती.

मावशी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. बेचाळिसाव्या वर्षी तिने लग्न केलं. काका जुने कॅमेरे दुरुस्त करतात, घरातल्याच एका खोलीत. त्यांची पहिली बायको पाच वर्षांपूर्वी गेली.

घरात त्या पहिलीचा एकही फोटो नव्हता. कॅमेऱ्यांनी भरलेलं घर, आणि तिचा एकही फोटो नाही... मावशीला हेच जास्त झोंबायचं.

"भिंतीवर असती तर निदान समोरासमोर तरी बसलो असतो," ती म्हणायची.

सरळच सांगायचं तर मावशी मेलेल्या बाईवर जळत होती. पहिली उंच होती म्हणून जळायची. तिला कॉम्प्युटरमधलं सगळं यायचं म्हणूनही जळायची. काका जेवताना मध्येच गप्प झाले की यांना आत्ता तीच आठवली, असं धरून चालायची आणि पुढचे दोन घास तिला जायचे नाहीत.

कामाच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे एक फिरती खुर्ची होती. मावशी ठेंगणी. बसली की पाय अधांतरी. ती खुर्ची खाली करायची. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा वर असायची. काकाच करत असतील, असं तिला वाटायचं.

त्या शनिवारी काका एका गिऱ्हाइकाकडे कॅमेऱ्यांची पेटी आणायला गेले होते. पाचपर्यंत येणार होते. मावशीला अर्धा दिवस सुट्टी होती. कॉम्प्युटर फार संथ चालतोय, म्हणून ती नको असलेल्या फाईली काढायला बसली. निदान स्वतःला तिने तसं सांगितलं. खरं म्हणजे ती शोधत होती.

आणि सापडली.

सगळ्यात मोठी फाईल. तिच्यावर पहिलीचं नाव.

मावशीचं डोकंच फिरलं. उघडून बघण्याचाही धीर नव्हता. रिसायकल बिनमध्येसुद्धा नको, म्हणून तिने ती कायमची पुसून टाकली.

मग काकांचं ईमेल उघडलं...

रिकामं.

तेव्हा मावशीला उमगलं. कॉम्प्युटर पहिलीने लावून दिला होता आणि मेलच्या फाईलला आपलं नाव दिलं होतं, इतकंच. आत होती काकांची दहा वर्षांची गिऱ्हाइकं. कोणाचा कॅमेरा, काय बिघाड, कोणाला काय कबूल केलंय. मेल या कॉम्प्युटरवर उतरली की इंटरनेटवरची प्रत पुसली जायची, त्यामुळे दुसरीकडे कुठेच काही नव्हतं. आणि का पुसलंस, असं काकांनी विचारलं तर काय सांगायचं? तुमच्या मेलेल्या बायकोचं नाव दिसलं म्हणून?

तिच्या दुकानाशेजारी एक बाई कॉम्प्युटर दुरुस्त करते. मावशीची चहाची मैत्रीण. मावशीने तिला फोन लावला.

"आता त्याच्यावर काही लिहू नकोस, काही सेव्ह करू नकोस," ती म्हणाली. "पुसलेलं लगेच जात नाही गं. ती जागा रिकामी आहे अशी नुसती नोंद होते. त्या जागी दुसरं काही येऊन बसलं, की मग जातं."

"आणि नीट नाही बसलं तर?"

"तर जुनं तिथेच असतं. ये, पेन ड्राईव्हवर प्रोग्राम देते. परत आणलेलंही त्याच्यावरच ठेव."

मावशी धावत गेली, धावत आली. कुलूप उघडून खोलीत शिरली.

खुर्ची वर होती.

जाताना ती खाली होती. घरात कोणी नव्हतं. पण साडेतीन वाजून गेले होते, विचार करायला वेळ नव्हता. तिने खुर्ची खाली केली आणि प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर टक्के सरकू लागले. बारा... तीस... पन्नास...

खट्.

मागच्या फळीवर कुठल्यातरी कॅमेऱ्याचं शटर सुटलं. जुन्या कॅमेऱ्याचं कधी आपोआप सुटतं, असं काका सांगायचे. मावशीने मागे पाहिलं नाही.

शोध संपला. एक नाही, दोन फाईली सापडल्या होत्या. दोन्हींवर तेच नाव.

एक काकांच्या कामाची. दुसरीत आधी डोकावून बघायची सोय होती, तिने डोकावलं. चारशे बारा पत्रं, सगळी एकाच माणसाने लिहिलेली. पहिली बायको दुसऱ्या गावी नोकरीला होती. दुपारच्या सुट्टीत ती काकांना रोज लिहायची.

इथे मावशी थांबू शकत होती. कामाच्या फाईलपुढे खूण करायची, ती परत आणायची आणि चहा टाकायचा. कोणाला काही कळलं नसतं.

पण तिला पुरावा हवा होता. ही बघा तुमची लपवलेली पत्रं, म्हणून काकांच्या तोंडावर मारायला.

'दोन्ही परत आणायच्या?' प्रोग्रामने विचारलं.

तिने 'हो' दाबलं.

मग ती वाचत सुटली. साधी पत्रं होती. आज पाऊस नाही, जेवलास का, तुझी आठवण आली. प्रत्येक ओळीला मावशी आणखी जळत होती. ती भराभर शेवटाकडे गेली.

पहिली कोणत्या तारखेला गेली, ते मावशीला पाठ होतं. त्या दिवशी काका दरवर्षी काम बंद ठेवतात.

पत्रं त्या तारखेला थांबली होती...

पण संपली नव्हती.

जवळजवळ चार वर्षं काहीच नाही. मग पुन्हा सुरू. मावशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून.

'तिने पडदे बदलले. तू काही बोलला नाहीस.'

'आज तू तिला अगं म्हणालास. मला म्हणायचास तसंच.'

'ती रोज माझी खुर्ची खाली करते.'

शेवटचं पत्र आजचं होतं. वेळ चार वाजून दहा मिनिटं. मावशीने घड्याळ पाहिलं. सव्वाचार.

'मला वाटलं होतं, ही कधी हाक मारणार नाही. आज हिनेच बोलावलं.'

खाली एक फोटो. पाठमोरी मावशी, कॉम्प्युटरपुढे बसलेली. अंगावर आजचीच साडी. फोटोत खुर्ची वर होती आणि मावशीचे पाय अधांतरी लटकत होते.

मावशीने हळूच खाली पाहिलं...

तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

दार वाजलं तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी होती. काका पेटी घेऊन आत आले. घाबरली होती, पण तोंडातून आधी निघाला तो मत्सरच.

"ही पत्रं का लपवून ठेवलीत माझ्यापासून?"

काका पडद्याकडे बघतच राहिले.

"लपवली नव्हती गं," ते म्हणाले. "पुसली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी. एकही परत न वाचता. म्हटलं, तू येतेयस, तुला जागा नको का?"

सव्वा वर्ष मावशी ज्या एका वाक्यासाठी जळत होती, ते तिला त्या दिवशी ऐकायला मिळालं.

"अहो, मग बंद करा ते," ती म्हणाली. "या इकडे."

काकांनी पेटी खाली ठेवली. ते खुर्चीत बसले.

"एकच वाचतो," ते म्हणाले.

अंधार पडेपर्यंत ते वाचतच होते.

याला आता दोन महिने झाले. मावशीने पेन ड्राईव्ह तोडून फेकला, पण काकांनी पत्रं आधीच कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. फळीवरचे कॅमेरे धूळ खात पडलेत. काका दुपारी खोलीचं दार लावून घेतात. आतून टाईप करण्याचा आवाज येतो... मग थांबतो... मग खट्.

परवा मावशीने काकांची नजर चुकवून पत्रांचा आकडा पाहिला. चारशे एकाहत्तर.

ती सध्या आमच्याकडे राहते. हे सगळं मी वहीत हाताने लिहितोय, कॉम्प्युटर लावायची हिंमत होत नाही. काल मी तिला म्हटलं, "चल, आपण जाऊन ते पुन्हा पुसून टाकू."

तिने माझी वही मिटून बाजूला ठेवली.

"त्यांनी पुसलं होतं रे," ती म्हणाली. "मला नुसतं विचारलं होतं, दोन्ही परत आणायच्या का... हो मीच म्हटलं."