निघण्याची हजेरी

तुम्ही उद्यापासून तिसरीचा वर्ग घेणार, म्हणून सांगून ठेवते. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका. दिवा जरा अलीकडे घ्या.

आपली शाळा एकशे बारा वर्षांची. सरकारी मदत कधी घेतली नाही, वसतिगृह कधी काढलं नाही. पहिल्या हेडमास्तरांचा हट्टच होता, की मूल दिवसा आमचं, दिवस कलला की घरचं. आणि त्यांच्यापासूनच आपल्याकडे हजेरी दोनदा होते. सकाळची सगळीकडेच असते. सुटतानाची फक्त इथे. बाई एकेकाचं नाव घेणार, मूल 'निघालो' म्हणणार आणि मगच वर्गाबाहेर पाऊल टाकणार. नव्या पालकांना याचं भारी कौतुक. आमचे मात्र उभं राहून राहून पाय भरून येतात.

गेल्या शुक्रवारी तिसरीच्या बाई रजेवर होत्या आणि त्यांचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. त्यात मोठ्या बाईंनी स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायला सांगितलेला, सोमवारी द्यायचा, आणि माझी एक ओळ झाली नव्हती. तीस वर्षं इतिहास शिकवला म्हणजे यांना सगळं तोंडपाठ असणार, असा लोकांचा गोड गैरसमज. घंटा झाली. एकतीस पोरं दप्तरं पाठीला लावून उभी राहिली. मी म्हटलं, "चला, सगळे निघा. पळा."

माझी नात त्याच वर्गात आहे. घरी आम्ही तिला भिंगरी म्हणतो. ती दारात अडून राहिली.

"आजी, माझं नाव?"

"शाळेत बाई म्हणायचं. आणि निघ आता, व्हॅनवाले काका खोळंबलेत."

गेली बिचारी. मी खिडकीतून पाहिलं, व्हॅनमध्ये चढली. एकूण एक मूल फाटकाबाहेर गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. मग वर्गाचं दार लावलं आणि वरच्या मजल्यावर जुन्या कागदांच्या खोलीत गेले.

वीज गेली होती. खिडकीपाशी जेवढा उजेड उरला होता तेवढ्यात हजेरीपत्रकं चाळत बसले. ओल्या पुठ्ठ्याचा वास, बोटांना वाळवीची माती. शाळा उघडली त्या दिवसापासून निघण्याची हजेरी होती. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. दहाव्या वर्षीच्या एका पानावर मात्र तो रकाना एका ओळीत कोरा दिसला. खाली हेडमास्तरांचं अक्षर होतं: 'काल घाईने तिसरीस सोडताना एका मुलीचे नाव घ्यायचे राहिले. सर्व मुले घरी पोहोचली. ती मुलगी घरीही पोहोचली व वर्गातही राहिली. घरी गेलेली सकाळपर्यंत टिकली नाही. वर्गातली बसून आहे.' मुलीचं नाव जिथे असायला हवं, तिथे वाळवीने नुसती जाळी ठेवली होती.

आणि खालून बाक सरकल्याचा आवाज आला. तिसरीचा वर्ग बरोबर त्या खोलीच्या खाली आहे.

जिना कशी उतरले ते मला माहीत नाही. मी लावलेलं दार तसंच होतं. उघडलं... सगळी बसली होती. एकतीसच्या एकतीस. दप्तरं पाठीला, हात बाकावर, नजर माझ्यावर. इतकी गप्प पोरं मी आयुष्यात पाहिली नाहीत. खडूचा वास येत होता, पण श्वास घेतल्याचा आवाज एकाचाही नव्हता. पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण चौथ्या बाकावर भिंगरी होती.

टेबलावरचं पत्रक उघडलं. अक्षरं दिसेनात, म्हणून नावं आठवून आठवून घेतली. एकेक मूल उठायचं, 'निघालो', 'निघाले' म्हणायचं आणि उंबरा ओलांडायचं. बाहेर व्हरांड्यात पाऊल वाजायचं नाही. अशी तीस झाली. राहिली आमची.

"आजी," ती हळूच म्हणाली, "घरी जी गेलीये... तिचं काय?"

नाव घ्यावं तर घरची हातची जाईल की काय, न घ्यावं तर सकाळ उजाडायची आहे. तेवढ्यात माझा फोन वाजला. सूनबाई होती.

"आई, अहो, ही केव्हाची दारातच उभी आहे. आत ये म्हटलं तर येत नाही. हात धरला, तर गारठलाय नुसता. म्हणते... आजीने अजून सोडलं नाही."

फोन कानाशी तसाच धरून मी पोरीचं पूर्ण नाव घेतलं. आवाज फाटला माझा. ती उठली, 'निघाले' म्हणाली, माझ्या अंगाला घासून गेली आणि उंबऱ्यावर दिसेनाशी झाली.

"आली हो," फोनमध्ये सूनबाई म्हणाली. "रडतेय... पण आली आत."

मी टेबलाला धरून ढसाढसा रडले. माझ्या आळसापायी पोर गेली असती, दुसरं काय? डोळे पुसून दार ओढायला निघाले, तर अगदी मागच्या कोपऱ्यातला बाक करकरला. तिथे काळोख होता. जवळ जाऊन बघण्याचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं. थांबून विचार करायला डोकं ठिकाणावर असावं लागतं. मी बाहेर पडता पडता एवढंच म्हटलं, "कोण राहिलं असेल तर निघा... सगळेच निघा."

फोन अजून चालूच होता.

"आई," सूनबाई म्हणाली, "हिच्या मागोमाग आणखी एक मुलगी आत आलीये. हिच्याच वर्गातली असेल. नाव विचारलं, तर म्हणते... माझं कुणी घेतलंच नाही."