धाकट्याच्या पेशी

नाकातून पेशी काढताना धाकटा असा काही शिंकला की माझा चष्मा खाली पडला. "ताई, तुझ्या संशोधनापायी माझं नाक कापू नकोस म्हणजे झालं," तो म्हणाला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ, धंद्याने सुतार. इतका गरीब स्वभाव की लहानपणी त्याच्या वाटची भांडणंसुद्धा मलाच करावी लागायची.

मी विषाणूंवर काम करते. विषाणू पेशीत शिरतो कसा, आत गेल्यावर कोणाला वेठीला धरतो, हे रेणूंच्या पातळीवर बघायचं. पूर्वी माकडाच्या पेशींवर भागवावं लागे. आता माणसाच्या नाकाचं अस्तर बाटलीच्या झाकणाएवढ्या कपात जिवंत वाढवता येतं. धाकट्याच्या पेशी झकास वाढल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची केसांसारखी टोकं एका लयीत हलायची. आमच्या विषाणूत एक जादा जनुक बसवलेलं होतं. तो ज्या पेशीत शिरेल ती हिरवी चमकायची. विषाणू दुबळा केलेला, कपाबाहेर कोणाचं काही बिघडवणार नाही असा.

पहिल्या कपात मी विषाणूचा थेंब सोडला त्याच संध्याकाळी धाकट्याने आपल्या भागीदाराचा तळहात टेबलावर दाबून धरला आणि त्यातून पटाशी आरपार ठोकली. भागीदाराने फक्त खिळे कुठे आहेत एवढंच विचारलं होतं. रात्रभर धाकट्याला खोलीत कोंडून ठेवलं. आतून तो दारावर डोकं आपटत होता. सकाळी ठरल्याप्रमाणे मी कपात विषाणूवरचं औषध घातलं, हिरवे ठिपके विझले, आणि दुपारी तो रडत बाहेर आला. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. भागीदार जुना मित्र, म्हणून प्रकरण पोलिसांत गेलं नाही. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला मी काही वेडी नव्हते.

नंतरच्या रविवारी धाकट्याच्या घरी जेवायला गेले. वहिनी वाढत होती, त्यांची लेक चिमी बापाशेजारी बसली होती. एका गिऱ्हाइकाच्या वाकड्या कपाटाची गंमत धाकटा रंगवून सांगत होता. मधेच थांबला. चमचा नीट ताटात ठेवला. उठून वहिनीचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. मग परत. मी मधे पडले तर मला भिंतीवर फेकलं. तिचा एक दात माझ्या ताटात पडला होता. धाकट्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. त्याची मला आजही भीती वाटते.

शेजाऱ्यांनी त्याला कसंबसं खोलीत ढकललं तेव्हा माझा फोन वाजला. आमचे साहेब होते. "रविवार म्हणून तुम्हाला बोलावलं नाही. दुसऱ्या कपात मीच विषाणू सोडला आत्ता, दुप्पट. बघू काय होतं."

मी तशीच प्रयोगशाळेत धावले. ब्लाउजवर वहिनीचं रक्त होतं. कपात औषध घातलं आणि हिरवं विझेपर्यंत खिळून बसले. मग वहिनीचा फोन आला. ओठ सुजल्याने तिला नीट बोलता येत नव्हतं. "झोपला," ती म्हणाली.

सरळ फेकून द्यायचे ना ते कप, असं कोणीही म्हणेल. पण चार हिरव्या ठिपक्यांनी माणसाचं हे होत असेल, तर सगळ्या पेशी मारल्यावर त्याचं काय होईल? माझी छाती झाली नाही. मी त्या पेशींना रोज खाऊपिऊ घालत राहिले, रोज औषध देत राहिले. बाळंतिणीसारखी बडदास्त चाललीय, म्हणून साहेब चिडवायचे.

मग औषध लागू पडेनासं झालं. विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो आणि एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. कपाच्या कडेला एक ठिपका उजळला. मी औषध दुप्पट केलं. ठिपका पसरला. दुसऱ्या कपातही उजळला.

फोन वाजला. वहिनी कुजबुजत होती.

"ताई, आम्ही बाथरूममध्ये आहोत. तो दार फोडतोय."

मागे हातोडी ऐकू येत होती. चिमीचा आवाज येत नव्हता.

"चिमी कुठंय?"

"माझ्याजवळ. तिचं तोंड दाबून धरलंय मी."

लाकूड फाटलं.

"ताई, हात आत आला त्याचा."

मी दोन्ही कपांत ब्लीच ओतलं.

केसांसारखी टोकं एकदम ताठ झाली. मग थांबली.

फोनमध्ये हातोडी फरशीवर पडली. त्यानंतर तो ओरडला. माझ्या भावाला मी तसं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

तो वाचला. नाकापासून फुप्फुसापर्यंतचं अस्तर पांढरं पडलंय, कोणीतरी आतून धुऊन काढल्यासारखं, असं डॉक्टर म्हणाले. कशाने, ते त्यांना कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. गळ्यात नळी होती, बोलता येत नव्हतं, पण डोळे पुन्हा माझ्या धाकट्याचे होते. कित्येक आठवडे त्याने बोटसुद्धा हलवलं नाही. शेवटी डॉक्टरांनी त्याचे हात खाटेला बांधलेले पट्टे सोडले आणि त्या दुपारी वहिनी पहिल्यांदाच चिमीला घेऊन आली.

साहेबही भेटायला आले होते. मला दारापाशी घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "पेशी गेल्या म्हणून मनाला लावून घेऊ नका. मी काही आधीच गोठवून ठेवल्या होत्या, तीन प्रयोगशाळांना पाठवल्यात. सगळीकडे जोमाने वाढताहेत. एका ठिकाणी तर आज दुपारीच विषाणू सोडणार आहेत."

मी वळून पाहिलं. चिमी खाटेवर बापाला चिकटून बसली होती.

"आत्या, बघ," ती आनंदाने म्हणाली, "बाबांनी माझा हात धरला."