खडूची रेघ

कात्री टेबलावर टेकवल्याचा आवाज. टक... टक. पोरांनो, ऐकून फार वर्षं झाली, तरी अजून कानात आहे.

आमच्या गल्लीत एक शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. खाली दुकान, वर खोली. बायको वर बसून काजं करायची. जेवायला बोलवायचं झालं की कात्री दोनदा टकटकवायची.

पहिल्या पुरात ती कापडाचे गठ्ठे वाचवायला खाली उतरली. वर आलीच नाही. पाणी जिथवर चढलं, तिथे मास्तरांनी दुकानाच्या भिंतीवर तांबडी रेघ ओढली.

तेव्हापासून पाण्याचा भोंगा वाजला की गल्ली मास्तरांकडे बघायची. ज्याचं सगळ्यात जास्त गेलं, त्यालाच जास्त कळणार, असं सगळ्यांना वाटायचं.

दुसऱ्या पुराच्या शनिवारी, दिवेलागणीनंतर, मी पुतणीचा फ्रॉक आणायला गेलो. वीज नव्हती. मास्तर कंदिलापाशी बटणं लावत होते.

"मास्तर, भोंगा झाला. निघायचं ना?"

"रेघेच्या वर पाणी जात नाही. माडीवर बसू."

"लोक तुमच्याकडे बघून थांबलेत हो."

"मी काय पुढारी आहे? विजारी शिवतो मी." मग हळूच म्हणाले, "आणि मी गेलो, तर ती आल्यावर दार कोण उघडणार?"

बाहेरून शेजारीण ओरडली, "मास्तर हललेत का?"

"नाही!" मी ओरडलो.

"मग आम्हीही नाही!"

टक... टक.

वरून.

मास्तरांची सुई थांबली. वर कुणीच नव्हतं...

आम्ही कंदील घेऊन चढलो. खोली रिकामी. खिडकी बंद. टेबलावर कात्री. आणि भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, एक पांढरी रेघ. कापड आखायच्या खडूची. खाली ताजा चुरा.

"एवढं येणार?" मास्तरांनी विचारलं. मला नव्हे.

...

ते खाली उतरले. दार सताड उघडं टाकलं आणि टेकावरच्या शाळेकडे चालू लागले. मागोमाग अख्खी गल्ली.

पहाटेपर्यंत माडी बुडाली.

पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं परत येऊन माडीवर चढलो. गाळाचा डाग बरोबर त्या रेघेला टेकून थांबला होता. रेघ तशीच. मी हात लावला. बोटाला खडू लागला.

कोरडा.

"मास्तर..."

त्यांनी गाळातून कात्री उचलली, सदऱ्याला पुसली, आणि निघून गेले.