दिवा तांबडा, तवा गार

मुक्ताने शेगडीचं बटण फिरवलं. तांबडा दिवा लागला. तिने तवा ठेवला, त्यावर तेलाचे चार थेंब सोडले आणि भिजवलेल्या भाजणीचा गोळा हातात घेऊन ती वाट पाहत उभी राहिली. बराच वेळ झाला तरी तेल हलेना. तिने तव्यावर अलगद तळवा धरून पाहिला, तर तवा माठासारखा गार. दिवा लागतोय म्हणजे वीज येतेय. मग येऊन ती करतेय तरी काय?

ही गोष्ट चंद्रावरची आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ कौमुदीनगर नावाची वस्ती आहे. तिथे बाहेर हवा नाही आणि आत जी आहे ती मोजून मापून. गॅस पेटवायचा तर श्वासासाठी ठेवलेला ऑक्सिजनच जाळायचा, म्हणून कौमुदीनगरात घरोघरी विजेची शेगडी. शेगडी तशी अगदी साधी. वर जिलबीसारखं एक वेटोळं, त्याला कॉइल म्हणतात. कॉइलची दोन टोकं मागच्या बाजूला चिनीमातीच्या एका सॉकेटमध्ये (दोन खोबण्यांच्या ठोकळ्यात) घुसतात. झाली शेगडी.

मुक्ताची आई बर्फ शोधणाऱ्या तुकडीत होती. चंद्राच्या या भागात अशी खोल विवरं आहेत की त्यांच्या तळाशी सूर्य कधीच पोचत नाही. तिथे ड्रिलने भोकं पाडून बर्फ शोधायचा, असं तिचं काम. कित्येक महिने ती नळीतून पिळलेल्या लगद्यावर राहिली होती आणि आज संध्याकाळी घरी येणार होती. काल बोलताना तिचा आवाज फारच थकलेला वाटला. "मुक्ते, मला दुसरं काही नको. तुझ्या हातचं एक गरम थालीपीठ दे," ती म्हणाली होती. मुक्ता 'देते' म्हणून मोकळी झाली. आता तवा गार होता.

दारात खडखड झाली. आत आला तो मुकादम. खरं तर ते देखभाल करणारं यंत्र, पण दिवसभर गल्लीत फिरून प्रत्येकाच्या कामात खोट काढायची त्याची सवय पाहून लोकांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं.

"शेगडी क्रमांक सतरा मृत झाल्याची सूचना मिळाली," मुकादम म्हणाला. "शेगडी संध्याकाळी भंगारखोलीत नेण्यात येईल. नवी शेगडी पृथ्वीवरून पुढच्या यानाने येईल. तोपर्यंत लगदा मिळेल."

"लगदा नको," मुक्ता म्हणाली. "आज आई येणार आहे."

"लगदा पौष्टिक असतो," मुकादम म्हणाला आणि निघून गेला. मुक्ताला रडू आलं. डोळे पुसतच ती आतल्या खोलीत गेली. तिथे नाना काहीतरी वाचत बसले होते.

नाना म्हणजे आईचे वडील. मूळचे मिरजेचे. सारा जन्म धातूंवर संशोधन करण्यात गेला आणि म्हातारपणी लेकीच्या मागोमाग चंद्रावर आले. मुक्ताचं सगळं ऐकून त्यांनी चष्मा वर केला.

"एवढंच होय? कॉइल गेली असणार. कॉइलच जाते नेहमी. सोनटक्केकाकूंकडून त्यांची कॉइल घेऊन ये, दोन मिनिटांचं काम."

मुक्ता शेजारी धावली. काकूंनी आपल्या शेगडीची कॉइल काढून दिली. नानांनी भिंतीवरचा वीज तोडायचा खटका खाली केला, दिवा विझल्याची खात्री केली आणि मगच शेगडीला हात लावला. "हे कधी विसरायचं नाही. आधी वीज तोडायची, मग हात लावायचा. आणि मोठं माणूस जवळ नसेल तर हातच लावायचा नाही." जुनी कॉइल ओढून काढली, काकूंची बसवली, खटका वर केला. तांबडा दिवा लागला. तवा पुन्हा गार.

नानांनी गार तव्याला हात लावून पाहिला. मग हसले. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा. तपासल्याशिवाय औषध दिलं की असंच व्हायचं. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला (रेड्याच्या पाठीवर पाणी वाहायची कातडी पिशवी). मुक्ता, आता तू डॉक्टर. मी कंपाउंडर. बोला डॉक्टर, आजार कुठे आहे?"

"मला काय माहीत?"

"माहीत नाही म्हणूनच शोधायचं. आधी मला सांग, दिवा लागतो तर तवा का तापत नाही?"

मुक्ताने विचार केला. "दिव्याची वाट वेगळी असेल."

"शाब्बास. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते. जाऊन परत यायची ही पूर्ण वाट, तिला परिपथ म्हणतात. दिव्याचा परिपथ वेगळा, कॉइलचा वेगळा. दिव्याचा पुरा आहे. कॉइलचा मात्र कुठेतरी तुटलाय. वाट एकदा तुटली की पलीकडचं सगळं धडधाकट असूनही वीज वाहत नाही."

"पण मुळात कॉइल तापते कशामुळे? भिंतीतली तार तर तापत नाही."

नानांना असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. त्यांनी मांडी घातली. "गणपतीची मिरवणूक बघ. रुंद रस्त्यावरून कशी मजेत जाते. तीच माणसं अरुंद बोळात शिरली की एकमेकांना घासतात, घामाघूम होतात. भिंतीतली तांब्याची तार म्हणजे रुंद रस्ता. कॉइलच्या आत निक्रोम (निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू) असतो, तो म्हणजे बोळ. विजेच्या वाटेतल्या या अडचणीला रोध म्हणतात. जिथे रोध जास्त, तिथे उष्णता. म्हणजे शेगडीत रोध आपण मुद्दाम ठेवतो, पण फक्त कॉइलमध्ये. तो भलत्या ठिकाणी आला तर भलतंच ठिकाण तापतं."

नानांनी मल्टीमीटर (रोध मोजायचं हातातलं यंत्र) आणला आणि पुन्हा वीज तोडली. "मधली वाट पुरी असेल तर हा वाजतो," म्हणत मीटरची दोन टोकं त्यांनी मुक्ताच्या हातात दिली. तिने ती आपल्या जुन्या कॉइलच्या दोन टोकांना लावली. मीटर 'टीं' वाजला.

"वाट पुरी आहे," मुक्ता म्हणाली. "कॉइल धडधाकट आहे."

"म्हणजे मी तिच्यावर उगाच आळ घेतला. पुढे?"

काकूंची कॉइल काढून, शेगडीचं वरचं झाकण उचलून मुक्ताने एकेका बाजूला मीटरचं एक टोक सॉकेटमागच्या तारेला लावलं आणि दुसरं त्याच बाजूच्या खोबणीत घातलं. उजव्या खोबणीत टीं वाजलं. डावीत काहीच नाही. तिने पुन्हा करून पाहिलं. डावी बाजू मुकीच. वाकून पाहिलं तर खोबणीत काळी खपली धरलेली, आतली धातूची पट्टी झिजून गेलेली. मुक्ताने नाक जवळ नेलं आणि तिचे डोळे विस्फारले.

"नाना, खरवडीचा वास येतोय. दुधाच्या जळक्या खरवडीचा."

नाना ओशाळले. कारण गृहप्रवेशाच्या दिवशी आग्रह त्यांचाच होता. माणूस चंद्रावर गेला म्हणून काय रीत सोडायची? नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं, म्हणजे घरात भरभराट होते. चंद्राची ओढ कमी, त्यामुळे बुडबुडे वर यायला वेळ लावतात आणि फेस साचत जातो. पृथ्वीवर दूध फसकन उतू जातं. इथे ते सावकाश फुगत भांड्याच्या वर हातभर उंच गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग तो अख्खा डोंगर कॉइलवर कलंडला.

"वरचं दूध आपण पुसलं," नाना म्हणाले. "खोबणीत गेलेलं राहिलं. ते जळून त्याचा कोळसा झाला आणि कॉइलचं टोक पट्टीला नीट टेकेना. जिथे नीट टेकत नाही तिथे रोध वाढतो. रोध वाढला की ती जागा तापते. तापली की पट्टी आणखी खराब होते, मग आणखी तापते. दूध एकदाच उतू गेलं, पण आग आतल्या आत रोज लागत होती. शेवटी वाट तुटली."

"म्हणजे फक्त सॉकेट हवं. शेगडी नको, कॉइलही नको."

"सॉकेट पृथ्वीवर मिळतं."

मुक्ता मात्र नवं सॉकेट मागतच नव्हती. "मुकादम मेलेल्या शेगड्या कुठे ठेवतो?" तिने विचारलं.

भंगारखोलीत शेगड्यांची चळत लागली होती. नाना कपाळाला हात लावून पाहत राहिले. मुक्ताने पहिली उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्यांच्या सॉकेटमध्ये तीच काळी खपली. अख्खी गल्लीच मिरज-सांगलीकडच्या माणसांची, त्यामुळे प्रत्येकाने गृहप्रवेश अगदी साग्रसंगीत केला होता. आणि मुकादमाने एकेका खोबणीपायी अख्खी शेगडी मेली म्हणून इथे आणून टाकली होती.

तळाशी एक शेगडी निराळी निघाली. तिची कॉइल मधोमध तडकलेली होती, जड कुकर आदळला असावा. मात्र सॉकेट लखलखीत. त्या घरातला माणूस बहुधा काळा चहा पिणारा होता. मुक्ताने दोन्ही खोबण्यांत मीटर लावून पाहिला. टीं. पुन्हा टीं.

"हिचं एक बिघडलंय, आपल्या शेगडीचं दुसरं," मुक्ता हळूच म्हणाली. "दोन मेलेल्या मिळून एक जिवंत."

ते चांगलं सॉकेट काढून घेऊन घरी आल्यावर नानांनी वीज तोडलेली आहे ना ते पुन्हा पाहिलं. मुक्ताने जुन्या सॉकेटचे स्क्रू सैल केले आणि कुठली तार कुठे होती ते बोटाने दाखवत नानांना दोनदा सांगितलं. मग आणलेलं सॉकेट बसवून स्क्रू घट्ट आवळले. सैल स्क्रू म्हणजे पुन्हा रोध, हे आता तिला सांगावं लागत नव्हतं. ती कॉइल घालणार एवढ्यात नानांनी हात धरला. त्या जुन्या कॉइलच्या डाव्या टोकावरही काजळी होती. ती तशीच घातली असती तर चांगलं सॉकेटही नासलं असतं. मुक्ताने ते टोक घासकागदाने चकचकीत केलं, कॉइल बसवली, झाकण लावलं आणि काकूंची कॉइल पुसून बाजूला ठेवली.

तेवढ्यात मुकादम आला. "शेगडी क्रमांक सतरा नेण्यासाठी आलो आहे."

"थोडं थांब," मुक्ता म्हणाली. नानांनी खटका वर केला. तांबडा दिवा लागला. मुक्ता वाकून पाहू लागली. कॉइल आधी काळपट दिसत होती, मग मधोमध लालसर झाली, मग सगळं वेटोळं लालबुंद झालं. तिने तवा ठेवून त्यावर तेल सोडलं, आणि थोड्या वेळाने ते थरथरलं आणि पसरलं. मुक्ताने आनंदाने टाळी वाजवली.

मुकादमाचे दिवे लुकलुकले. "मृत शेगडी तापते आहे. अशा घटनेसाठी माझ्याकडे नियम नाही."

"मग मी देते," मुक्ता म्हणाली. "कुठलीही वस्तू मेली म्हणायच्या आधी विचारायचं, तिचा कुठला भाग बिघडलाय? भंगारखोलीतल्या शेगड्यांना हात लावू नकोस. उद्यापासून मी आणि नाना एकेक तपासणार आहोत."

मुकादम बराच वेळ गुणगुणत उभा राहिला. "नियम तपासून पाहण्यासारखा आहे," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी परत गेला.

आई आली तेव्हा घरभर खमंग वास सुटला होता. ती खूप वाळली होती. तिने मुक्ताला जवळ घेतलं आणि खाली बसली. पहिलं थालीपीठ थोडं करपलेलं, कडेला फाटलेलं. आईने ते सगळं संपवलं. मग बोटं चाटता चाटता ती खाली मान घालून म्हणाली, "आमचं ड्रिल मेलं, मुक्ते. बर्फ हाताशी आला होता आणि ते मेलं. विवरातच सोडून आलो. आता मोहीमच बंद करणार आहेत."

मुक्ताने दुसरं थालीपीठ उलटलं. "ड्रिल मेलं म्हणजे त्यातलं काय मेलं?"

"म्हणजे?"

"कुठला भाग? तपासलात का?"

आईने मान वर केली. नानांनी मल्टीमीटर उचलून लेकीच्या ताटाशेजारी ठेवला.

"नाही तपासला," आई सावकाश म्हणाली. "ते थांबलं आणि आम्ही मेलं म्हणालो." तिने मीटर हातात घेऊन उलटापालटा केला आणि कित्येक महिन्यांनी तिच्या डोळ्यांत चमक आली. "मुक्ते, दुसरं थालीपीठ वाढ. आणि हे कसं वापरायचं, ते मला सगळं पहिल्यापासून सांग."