लाभ, दोन, तीन

जुन्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचा रेशो बाहेरून मोजायचा, तर एक मागचं चाक जॅकवर उचलायचं. दुसरं जमिनीवर राहू द्यायचं आणि त्याला पुढून-मागून दगड लावायचे. गाडी न्यूट्रलला. चाकावर एक खडूची रेघ, गाडीखालून इंजिनाकडे जाणाऱ्या शाफ्टवर एक. उचललेलं चाक पुरे दोन वेढे फिरवायचं, तेवढ्यात शाफ्ट किती वेढे फिरला ते मोजायचं, तोच रेशो. ॲक्सल उघडून दात मोजता येतात, पण उघडल्यावर गाडी जागची हलत नाही. म्हणून आधी हे.

काम दोघांचं आहे. चाक फिरवणाऱ्याला शाफ्ट दिसत नाही. धायरीतल्या माझ्या गॅरेजात चाक मी फिरवायचो आणि बायको, कौशल्या, गोणपाटावर आडवी होऊन मोजायची. ती लोणी काळभोरची. तिच्या माहेरी खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. शाफ्टही ती तसाच मोजायची. लाभ, दोन, तीन. मी आकडे उशिरा शिकलो. एकदा ती घरी नव्हती, तेव्हा मी लाभ, एक, दोन असं मोजलं आणि ॲक्सलच्या दातेरी चाकांचा भलताच सेट आणला. आठवडाभर हसत होती. "लाभ म्हंजीच येक. देवानं दिलेलं पहिलं माप वाया घालवता व्हय?"

तिला जाऊन वर्ष झालं.

या महिन्यात नारायण पेठेतला अभय त्याच्या वडिलांची फियाट घेऊन आला. मागून घूं घूं आवाज येत होता, क्राउन-पिनियन, म्हणजे तोच दातेरी चाकांचा सेट, बदलायला हवं होतं. या गाड्यांना दोन सेट बसतात. एक सव्वाचारच्या जरा वरचा, एक पाचाच्या जवळचा. सेट अभयच आणणार होता. मोजायला कुणी नव्हतं, म्हणून मी मोबाइल शाफ्टखाली ठेवून व्हिडिओ काढला आणि चाक फिरवलं. मग पाहिला. चार वेढे आणि वर थोडं. तो अभयला पाठवला.

त्याचा लगेच फोन. "काका, काकूंचं मोजणं छान आहे. पण आमच्या पेठेत एकाला एकच म्हणतात."

"कुठल्या काकू?"

"व्हिडिओत मोजतायत त्या. लाभ, दोन, तीन, चार, वर थोडं."

फोन ठेवून मी व्हिडिओ लावला. शाफ्टची करकर, लांबून कुणाच्या बांधकामाचा ठोका. बाकी काही नाही. माझे कान शाबूत आहेत, बेअरिंग कुठलं गेलंय ते मी चालत्या गाडीवरून सांगतो. समोर चहा विकणाऱ्या प्रेमलाला ऐकवला. तिनं डोक्यावर पदर घेतला.

"तुमची मालकीणच हाय की हो," ती म्हणाली. "तुमाला नाय ऐकू येत?"

मी वीस वेळा लावला. नाही.

सेट आला की गाडी जाणार होती. दुसऱ्या दिवशी मी अभयला फोन करून सांगितलं, "लाभ वेगळा धरायचा असतो. एक मिळव. पाचाच्या जवळचा आण." चुकीचा सेट आला की बदलून आणायला आठवडा जाईल, तोवर गाडी इथंच राहील, एवढाच माझा हिशेब. मोजणीत मी कधी खोटं बोललो नव्हतो.

मग पुन्हा चाक फिरवलं, पुन्हा व्हिडिओ काढला, पुन्हा कानाला लावला. करकर. तोही अभयला पाठवला. खाली लिहिलं, "आवाज येतो का बघ."

 तिसऱ्या दिवशी तो खोकं घेऊन स्वतःच आला. मी उघडून दात मोजले. त्रेचाळीस आणि दहा. चार पूर्णांक तीन. बरोबर सेट.

"मी दुसरा सांगितला होता."

"हो," अभय म्हणाला. "पण दुसऱ्या व्हिडिओत काकू म्हणाल्या, ह्यांचं नका ऐकू, लाभ म्हंजीच येक." मग आजूबाजूला पाहत त्यानं विचारलं, "काकू आत आहेत का?"

मी जॅक ओढला. दोन दिवसांत काम केलं. गाडी तयार झाली की कौशल्या मागच्या सीटवर बसायची, ॲक्सल गातो का ते ऐकायला. या वेळी सीट रिकामी होती. मी चक्कर मारून आलो. ॲक्सल गप्प होता. अभय गाडी घेऊन गेला.

गोणपाट गुंडाळून मी कोपऱ्यात ठेवलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. गाडी चालू असल्याचा आवाज मागे होता.

"काका, काकूंना घरी सोडू का? मागे बसल्यात. निघाल्यापासून मोजतायत."

"किती झाले?"

"हजारांत आहेत. थांबा, फोन मागे धरतो."

मी श्वास रोखून ऐकलं. इंजिन. वारा. रस्त्यावरचे हॉर्न.

"ऐकलंत?"

"हो," मी म्हणालो. "ऐकलं."



"काका," तो म्हणाला, "त्या म्हणतायत, नाही ऐकलं."